माहीन खानमच्या गव्हाचं एक पातं

"आत्ताच जायचंय का तुला?" निघायच्या आधीच्या आठवड्यात हा प्रश्न मला घरच्यांनी विचारला, बँकेतल्या सहकाऱ्यांनी विचारला, शेवटी भाजीवालीनेही विचारला. टीव्हीवर रोज आखाताचा नकाशा आणि त्यावर लाल बाण. आमच्या कोल्हापुरात तर तेव्हा घरटी एक संरक्षणतज्ज्ञ तयार झाला होता. इराणमध्ये लोक रस्त्यावर उतरले होते, बाहेरचे देश त्यात उडी घेणार की नाही यावर चर्चा झडत होत्या, आणि दुबई त्या इराणच्या अगदी समोर, मधे फक्त पाणी. मी सुहासला फोन लावला. हा माझा धाकटा भाऊ, गेली चौदा वर्षं दुबईतल्या अल कुसैसमध्ये बायको-मुलीसह राहतो. "ताई, इकडे सगळं नॉर्मल आहे," तो म्हणाला. "पाडव्याला ये. यल्ला, तिकीट काढ!" कुणी नको म्हटलं की मला हटकून करावंसं वाटतं. काढलं तिकीट.

जाणाऱ्यांसाठी सांगते: पुण्याहून थेट विमान आहे, तीन तासांच्या आसपास लागतात, व्हिसा सुहासने ऑनलाइन काढून दिला. कागदपत्रांत फोटो मात्र नीट द्या. माझा पहिला फोटो परत आला, कारण त्यात मी हसत होते.

विमान उतरताना खाली सगळं धूसर होतं. वाळू कुठे संपते, समुद्र कुठे सुरू होतो, काही कळेना. जणू अजून पूर्ण जागं न झालेलं गाव. पुढचे पाच दिवस माझ्याही डोळ्यांवर ती धूसर झापड राहिली, आणि खरं सांगायचं तर मला ती आवडली.

दुसऱ्या दिवशी पाडवा. सुहासच्या चौथ्या मजल्यावरच्या बाल्कनीत गुढी उभारली. कडुनिंबाचा डहाळा बिल्डिंगच्या मागच्या झाडाचा; दुबईत कडुनिंब ठिकठिकाणी दिसतो, हे मला नवीनच होतं. गुढीला साखरेची गाठी बांधत होते, तेवढ्यात शेजारच्या बाल्कनीतून आवाज आला. "बहनजी, ब्लाउज पीस का रंग बहुत अच्छा है. लेकिन किनारा कच्चा है, निकल जाएगा."

साठीच्या एक गोऱ्या, ठेंगण्या बाई, डोक्यावर सैलसा रुमाल, हातात चहाचा पेला. गुढीच्या वस्त्रातली खोट काढणारी ही बाई कोण? माझी भाची मिनू, वय वर्षं नऊ, हिने माहिती पुरवली. "आत्या, दॅट्स माहीन आंटी. शी फिक्सेस मम्माज सारीज."

माहीन खानमनी, म्हणजे माहीनबाईंनी, पंचवीस वर्षं मीना बाजारात शिवणकाम केलंय. इराणमधल्या शिराजहून नवऱ्याबरोबर आल्या, नवरा गेला, त्या राहिल्या. आपल्या बायकांच्या साड्यांना फॉल-पिको करता करता हिंदी शिकल्या. 'फॉल-पिको' हा शब्द त्यांच्या तोंडून ऐकताना मला फार गंमत वाटली. "तुमचंही नवं वर्ष? आमचंही चालू आहे. या, बघायला या," त्या म्हणाल्या. (त्यांचं हिंदी बोलणं इथून पुढे मी मराठीतच सांगते.)

त्यांच्या दिवाणखान्यात नवरोजचं टेबल मांडलेलं होतं: आरसा, सफरचंदं, लसूण, नाणी, आणि मधोमध थाळीत उगवलेला, वीतभर उंच, लाल फीत बांधलेला हिरवागार गहू. मी दारातच थबकले. "अहो, हे तर आमचे घट!" नवरात्रात आमच्या घरी पत्रावळीवर माती पसरून धान्य पेरतात, ते असंच उगवतं. दसऱ्याला वडील त्या तुऱ्यांतला एक टोपीत खोवायचे, आम्हा मुलींच्या केसांत एकेक माळायचे. मी हे सांगितलं तेव्हा माहीन खानम मान डोलवत ऐकत होत्या. पण त्यांचं लक्ष टेबलावरच्या फोनकडे होतं.

त्यांची आई शिराजमध्ये एकटी असते. ब्याऐंशी वर्षांची. नवरोजच्या क्षणी दर वर्षी तिचा फोन येतो, यंदा आला नाही. निदर्शनं सुरू झाल्यावर तिकडचं इंटरनेट बंद झालं, आणि बाहेरून लावलेला फोन नुसता वाजतो, कुणी उचलत नाही. "दहा दिवस," त्या बोटं दाखवत म्हणाल्या. त्यांनी गुरुवारचं तिकीट काढून ठेवलं होतं. आणि त्यांचा भाऊ म्हणत होता, अजिबात जायचं नाही.

सोमवारी माहीन खानमनीच मला फिरवलं. मेट्रोने बर दुबई, मीना बाजारात त्यांचं जुनं दुकान (आता तिथे मोबाइलची कव्हरं मिळतात), मग गल्लीत झेंडूचे हार, आणि तिथून अब्रा. अब्रा म्हणजे खाडी ओलांडणारी उघडी लाकडी होडी. भाडं एक दिरहम, म्हणजे साधारण चोवीस रुपये, आणि दुबईत याहून स्वस्त सुख मला तरी सापडलं नाही. मधोमध लोक पाठीला पाठ लावून बसतात, पाय पाण्याच्या बाजूला. पलीकडे देराच्या धक्क्यावर इराणला जाणारी मालवाहू लाकडी गलबतं उभी होती, वर फ्रीज आणि टायर रचलेले. माहीन खानम त्यांच्याकडे बघत राहिल्या. "फ्रीजला कुणी जाऊ नको म्हणत नाही," त्या म्हणाल्या. डिझेलचा वास, ऊन, आणि इंजिनाची एकसुरी धडधड. मला तिथेच पेंग आली आणि मी त्यांच्या खांद्यावर डोकं टेकून झोपले, ओळख जेमतेम दोन दिवसांची असताना.

मंगळवारी दुबई मरीना. मेट्रोचे सात-साडेसात दिरहम, सव्वाएक तासाचा प्रवास. बायकांच्या डब्यात बसा, जागा मिळते. मरीनात काचेचे मनोरे पाण्यात उलटे दिसतात आणि वाऱ्याने हलतात. माहीन खानमचा भाऊ बेहजाद तिथे एका ऑफिसात हिशेबनीस आहे, पन्नाशीचा, इस्त्रीचा शर्ट, सतत दमलेला चेहरा. एका इराणी चहाच्या दुकानात आम्ही बसलो. त्याच्याबरोबर ऑफिसातली नेगार होती, तिशीची, तेहरानची. केशराची खडीसाखर लावलेली काडी चहात ढवळत चौघं गप्पा मारत होतो, म्हणजे त्या तिघांचं, माझ्यासाठी हिंदीत, भांडण आणि माझे कान.

एक गंमत सांगते. इथे राजकारण कुणी मोठ्याने बोलत नाही. वेटर जवळ आला की तिघंही एकदम पिस्त्याच्या भावावर यायचे, आणि तो वळला की पुन्हा तिथूनच पुढे. वाक्य जिथे तुटलं होतं, बरोबर तिथून.

"आमची सगळी उमर वाट बघण्यात गेली," बेहजाद दबक्या आवाजात म्हणाला. "मी आलो तेव्हा मला सगळे म्हणायचे, दोन वर्षांत बदलेल. माझे केस गेले. आता बाहेरून कुणी धक्का दिला तर देऊ दे. एकदा पडू दे सगळं."

"कुणावर पडू दे?" माहीन खानम म्हणाल्या. "बॉम्ब दार वाजवून विचारत नाही, आत म्हातारी आहे का म्हणून."

"आबजी, मी तसं म्हटलं नाही." आबजी म्हणजे ताई.

"तसंच म्हटलंस."

नेगारने डोळे मिटून घेतले. "बाहेरचे त्यांच्या कामासाठी येतात. ते आपल्याला स्वातंत्र्य पार्सल करून पाठवणार नाहीत. पण मी तरी कोण बोलणारी? माझा भाऊ तिथे रस्त्यावर आहे आणि मी इथे एसीत बसून त्याला शहाणपण शिकवतेय."

"मग करायचं काय?" बेहजादने विचारलं. वेटर आला. "पिस्ते यंदा महाग झालेत, नाही?" नेगार म्हणाली.

 मला कोल्हापुरातल्या चर्चा आठवल्या, लाल बाण आठवले, आणि लाज वाटली. आम्ही जे मॅचसारखं बघत होतो, ते या तिघांच्या घरात घडत होतं. निघताना बेहजाद बहिणीला म्हणाला, "परवा तू विमानात बसायचं नाहीस. आकाश बंद झालं तर परत कशी येशील? मामानची काळजी मला नाही का? पण दोघी अडकलात तर मी काय करू?" मामान म्हणजे आई. मेट्रोत संपूर्ण वेळ माहीन खानम खिडकीबाहेर बघत होत्या.

बुधवार हा नवरोजचा तेरावा दिवस. त्या दिवशी इराणी माणसं घरात राहत नाहीत. उघड्यावर जातात, जेवतात, आणि उगवलेला गहू वाहत्या पाण्यात सोडतात. आम्ही अल ममझरच्या बागेत गेलो, अल कुसैसपासून टॅक्सीने पंधरा मिनिटं, प्रवेश पाच दिरहम. सुहासचं कुटुंब, माहीन खानम, सुट्टी टाकून आलेला बेहजाद. झाडांखाली सतरंज्या, कोळशाचा धूर, डाळी-पालेभाज्या-शेवयांचं दाट आंबूस आश. ते मी दोन वाट्या चापलं. सगळीकडे फारसी, हसणं, बॅडमिंटन. आणि प्रत्येक सतरंजीवर एक फोन, उताणा ठेवलेला, न वाजणारा.

दुपारी आम्ही पाण्याकाठी गेलो. समुद्र हिरवट, सुस्त, क्षितिज पुसलेलं. "सरळ गेलं की आमचा देश," माहीन खानम म्हणाल्या. आम्ही बराच वेळ तिकडेच बघत उभे होतो. काही दिसत नव्हतं. तरी त्या धूसरपणात एक किनारा आहे, त्याच्या पलीकडे एक गाव, गावात एक खोली आणि फोनशेजारी बसलेली म्हातारी, असं मला अगदी स्पष्ट दिसत होतं.

त्यांनी थाळी पुढे केली. गहू आता पिवळसर, वाकलेला.  मला फार भरून आलं, आणि आमच्या घरी जे करतात तेच मी केलं: थाळीतून दोन पाती खुडली, एक माझ्या केसांत खोवलं आणि दुसरं त्यांच्या रुमालाखाली, कानामागे.

माहीन खानम किंचाळल्याच. बेहजाद धावला. शेजारच्या सतरंजीवरची माणसंही वळून बघू लागली. मिनू म्हणाली, "आत्या, व्हॉट डिड यू डू?"

केलं होतं ते असं: वर्षभराची सगळी पीडा, रोगराई, अशुभ त्या गव्हात गोळा होतं असं ते मानतात. म्हणून तर तो पाण्यात सोडायचा. दुसऱ्याच्या गव्हाला त्या दिवशी हातसुद्धा लावायचा नसतो. लावला तर त्या घरचं अरिष्ट लावणाऱ्याकडे जातं. आणि मी ते प्रसादासारखं डोक्यावर घेतलं होतं.

"माझं वर्ष तू घेतलंस," माहीन खानम रडू लागल्या. "माझं सगळं वाईट तुझ्याकडे गेलं. तू तर पाहुणी!" त्यांनी कानामागचं पातं काढून पाण्यात टाकलं, पाठोपाठ सगळा गहू. माझं पातं शोधायला त्यांनी माझे केस चाचपले, पण ते वाऱ्याने कुठे उडालं कुणास ठाऊक. मी त्यांचे हात धरून ठेवले. "असू दे हो, मला काही होत नाही. आमच्याकडे ते शुभ असतं. माझ्याकडे आलं की ते शुभच झालं!" असलं वकिली बोलणं मला कुठून सुचलं, देव जाणे.

आणि बेहजाद हसायला लागला. दोन दिवसांत मी त्याला पहिल्यांदा हसताना पाहिलं. हसता हसता त्याचे डोळे भरले. "आबजी," तो म्हणाला, "जा. उद्या जा. तुझं अरिष्ट ही बाई कोल्हापूरला घेऊन चालली आहे, आता तुला काय होणार?"

 माहीन खानमनी त्याच्या शर्टाची कॉलर नीट केली, जशी लहान मुलाची करतात.

गुरुवारी आमची दोघींची विमानं दोन तासांच्या अंतराने होती. बेहजादने आम्हाला एकाच गाडीतून सोडलं. सुरक्षातपासणीच्या रांगेत माहीन खानम मला म्हणाल्या, "पोहोचल्यावर ब्लाउजपीसची किनार पक्की करून घे." मी त्यांना 'अच्छा' म्हटलं. आमच्यात निघणाऱ्याने 'येते' म्हणायचं असतं, ते त्यांना शिकवायचं राहून गेलं.

कोल्हापुरात पोहोचल्यावर सामान काढताना ओढणीच्या घडीत ते पातं सापडलं. सुकलेलं, पेन्सिलीच्या टोकाएवढं बारीक. त्याच आठवड्यात विमानं बंद झाल्याची बातमी आली. मी फोन उशाशी घेऊन झोपू लागले. आता मलाही तो न वाजणारा फोन समजतो.

परतल्यापासून सतराव्या दिवशी बेहजादने एक आवाजी निरोप पुढे पाठवला. तिकडे थोडा वेळ इंटरनेट आलं होतं. आधी माहीन खानमचा आवाज, मग एक फारच म्हातारा, करकरीत, रागावलेला आवाज, फारसीत. खाली बेहजादने अर्थ लिहिला होता: "मामान बरी आहे. नुसता फोन बिघडला होता, घोटा मुरगळला होता. तिला तुझी गोष्ट कळली आहे. ती म्हणते, त्या हिंदुस्थानी बाईला सांगा, मूर्खपणा करू नकोस, ते गवत असेल तर लगेच वाहत्या पाण्यात सोड. आबजी अजून तिथेच आहे. विमान कधी सुरू होईल माहीत नाही."

मी तो निरोप सात-आठ वेळा ऐकला आणि रडले. आकाश उघडेल का, ते सरकार राहील की जाईल, धक्का कोण देईल आणि तो कुणावर पडेल, मला काही कळत नाही, आणि नकाशावर बाण काढणाऱ्यांनाही कळत असेल असं आता वाटत नाही. शकुन-अपशकुनावर माझा विश्वास नाही. बँकेत नोकरी केलेली बाई आहे मी.

संध्याकाळी पातं घेऊन पंचगंगेच्या घाटावर गेले. पाण्यात पाय सोडून तासभर बसले, अंधार पडायच्या आत परत आले. बेहजादला लिहिलं, "मामानला सांगा, सोडलं." खोटं लिहिलं. ते पातं माझ्या पाकिटात आहे, माहीन खानम अल कुसैसच्या बाल्कनीत परत येईपर्यंत तिथेच राहील.