कानवाल्या मिस्त्रींचा शब्द

जुनी मोटार तपासायला बोलावलं, की कानवाले मिस्त्री आधी तिच्याकडे पाठ करून उभे राहत. मालक मोठ्या कौतुकानं बॉनेटवरून फडकं फिरवत असे, आणि हे आपले भलतीकडेच तोंड करून म्हणत, "चालू करा." मग डोळे मिटायचे, मान जराशी कलती करायची आणि ऐकत राहायचं. गाडीचं रूप बघायचंच झालं, तर सगळ्यात शेवटी. "रंगानं डोया भुलते, साहेब. कानाले रंग दिसत नाई," असं त्यांचं म्हणणं. त्या सवयीवरून त्यांचं नाव पडलं ते पडलंच. खरं नाव मला कितीतरी वर्षं ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक झाल्यावरही मी ते कधी वापरलं नाही.

वर्ध्याला मालधक्क्यापलीकडे त्यांचं टिनाचं छप्पर होतं. युद्धात लष्कराच्या गाड्यांवर हात बसलेला, युद्ध संपल्यावर इथं येऊन दुकान थाटलेलं. छपन्नच्या दसऱ्याला नागपूरला जाऊन त्यांनी बौद्ध धर्माची दीक्षा घेतली. त्याआधी आणि नंतरही काही मातबर मंडळी त्यांच्याकडून गाडी दुरुस्त करून घेत, पण त्यांच्या माठातलं पाणी पीत नसत. मिस्त्रींना त्याचा राग होता, आणि तो ते लपवत नसत. अशा माणसाची गाडी ते उत्तम दुरुस्त करत, पण त्याला बसा म्हणत नसत. मी तेव्हा नुकता काळा कोट चढवलेला वकील. जगातलं सगळं कलमांत बसतं अशी माझी खात्री होती, आणि अशील फार नसल्यामुळे मिस्त्रींच्या बाकावर बसायला वेळही भरपूर होता.

जुन्या गाडीचा सौदा त्यांच्या छपराखाली व्हायचा असला, तर एक रीत ठरलेली. विकणाऱ्यानं बॉनेटवर हात ठेवून घेणाऱ्यासमोर गाडीच्या तीन खोडी सांगायच्या. दोन चालणार नाहीत. हिंगणघाटचा एक कापसाचा अडत्या एकदा छाती फुगवून म्हणाला, "माह्या गाडीत एक बी खोड नाई." मिस्त्रींनी हात पुसले. "मंग इकता काऊन? घरी नेऊन पूजा करा तिची," म्हणाले आणि आत निघून गेले. उलट, आपणहून तीन खोडी सांगणाऱ्याचा ते मान ठेवत. मग गाडी ऐकायची, चालवून बघायची, पण तिचं पोट फाडायचं नाही. "कबूल करणाऱ्याची झडती नाई घेत आपण," ते म्हणत. मला ही रीत फार आवडे. कोर्टात तर शपथ घेऊनही कोणी एक खोड सांगत नाही.

घेणाऱ्यालाही ते मोकळा सोडत नसत. मी जुनी फटफटी घेतली, तेव्हा विकणाऱ्यानं तीन खोडी सांगून संपवल्या, तर हे माझ्याकडे वळले. "आता तुमच्या सांगा. तेल पाहान का? का पेट्रोल टाकलं की झालं?" मी म्हटलं, पाहीन की. "कवा पाहान?" त्यांनी मला तीच फटफटी घेऊन जामच्या फाट्यापर्यंत पिटाळलं आणि परत आल्यावर विचारलं, "वाटेत कायचा आवाज आला?" मला आवाज म्हणून काही आलाच नव्हता. मी आपल्या ऐटीत होतो. तेव्हा विकणाऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून मिस्त्री म्हणाले, "भाऊ, उद्या गाडी बिघडली, तं तुले बोल नाई."

अल्लीपूरला एक डॉक्टरीणबाई होत्या. अमरावतीच्या, एकट्या राहणाऱ्या, कामाला वाघीण. आसपासच्या गावांतली अडलेली बाळंतपणं त्यांच्याकडे यायची आणि त्या बैलगाडीनं जायच्या. पुढं त्यांनी मोटार शिकून घेतली आणि जुनी गाडी घ्यायचं ठरवलं. विकणारे होते नागपूरला बिऱ्हाड हलवणारे एक निवृत्त इंजिनीअर. बॉनेटवर हात ठेवून त्यांनी धडाधड सांगितलं : हॉर्न पावसात बसतो, डावं दार दोनदा आपटावं लागतं, चढावर पाणी उकळतं. मिस्त्री खूश झाले. एवढा मोठा साहेब, आणि आढेवेढे न घेता बोलला. साहेबांनी माठातलं पाणीही मागून घेतलं. मिस्त्रींनी गाडी ऐकली, चालवली आणि बाईंना सांगितलं, "घ्या. माहा शब्द."

दीड महिन्यानं भर दुपारी, अडलेली बाई मागच्या सीटवर, डॉक्टरीणबाई वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्याकडे निघालेल्या, आणि गाडीच्या मागच्या बाजूला काहीतरी कडकड फुटलं. इंजिन चालू, पण चाकं फिरेनात. सावली नाही, वस्ती नाही. तासाभरानं एक बैलगाडी मिळाली. बाळ-बाळंतीण वाचली, ती बाईंच्या हाताला यश म्हणून. नंतर गाडी ओढून वर्ध्याला आणली आणि मिस्त्रींनी मागची चाकं फिरवणाऱ्या दातेरी चक्रांचा डबा उघडला. तेलासोबत लाकडाचा भुसा बाहेर आला. झिजलेले दाते ओरडू नयेत म्हणून कोणीतरी भुसा ठासला होता. मी तिथंच होतो. मिस्त्रींनी तो चिखल ओंजळीत घेऊन बोटांनी चोळून पाहिला. म्हणाले, "साहेबानं तीन सांगतल्या. चौथी लपवाले."

मी तर पेटलोच. बाईंचं वकीलपत्र घेतलं, फी नको म्हणालो आणि मिस्त्रींना कायदा समजावला. घेणाऱ्यानं माल तपासून घेतला असेल, तर तपासणीत जी खोट सापडायला हवी होती, तिच्यासाठी विकणाऱ्याला सहसा धरता येत नाही. तपासूनही सापडणारच नव्हती अशी खोट असेल, तर गोष्ट वेगळी. सगळं मिस्त्रींच्या साक्षीवर आलं होतं. "तुम्ही एवढंच म्हणा," मी म्हटलं, "की कितीही तपासलं असतं तरी भुसा सापडला नसता."

"सापडला असता. चार बोल्ट खोलले असते तं हाताले लागला असता."

"पण तुम्ही खोलले नाहीत ना!"

"तेच तं सांगून राह्यलो. मी खोलले नाई."

मी चिडलो. तुमच्या खरेपणापायी बाईंचा दावा बुडेल, तो लबाड मोकळा सुटेल, असं बरंच बोललो. दीक्षा घेतल्यामुळे खोटं चालत नाही का, असंही खोचून विचारलं. त्या वाक्याची मला आजही लाज वाटते. मिस्त्री रागावले नाहीत. "दीक्षेच्या आंधी बी नसतो बोललो, वकीलसाहेब. भुसा त्यानं टाकला, ते त्याचं पाप. डबा उघडला नाई, ते माह्यं. त्याच्या पापाखाली माह्यं झाकू नोका."

मी तरीही साहेबांना नोटीस धाडली. उत्तर आलं ते अगदी कायद्यानुसार : गाडी बाईंच्याच मिस्त्रीनं तपासून पसंत केली होती. बाईंनी कागद वाचला, घडी घातली आणि मला म्हणाल्या, "जाऊ द्या. मला रोगी बघायचेत."

मिस्त्री नागपूरच्या जुन्या बाजारातून चक्रं शोधून घेऊन आले. चक्रं लवकर मिळायची नाहीत म्हणून तोवर बाईंनी गाडी अल्लीपूरला ओढून नेली होती. हत्यारांची पेटी घेऊन ते एस.टी.नं तिथं गेले आणि चार दिवस दवाखान्याच्या आवारात गाडीखाली पडून राहिले. जेवण बाईंकडे घेतलं, बाकी काही घेतलं नाही. येणाऱ्याजाणाऱ्यानं विचारलं, की स्वतःच सांगायचे, "माह्या चुकीनं बसली हे गाडी." मला ते नको तितकं वाटे. चूक झाली की ती चार लोकांत मिरवायची कशाला, असा माझा वकिली हिशेब.

परत आल्यावर त्यांनी जुन्या गाड्या तपासणं सोडलं. दुरुस्ती करत, पण शब्द देईनात. "कान गेला माहा," एवढंच म्हणत. कान ठणठणीत होता. रस्त्यावरून जाणारा ट्रक कुठं रडतोय, हे बसल्या जागी सांगत. गेला होता तो त्यांचा स्वतःवरचा भरवसा, आणि तो जाताना बघणं मला फार जड गेलं. ज्या माणसाकडून मी खरं बोलायचं कसं ते शिकलो, तोच मुका झाला होता. लोक दुसरीकडे जाऊन फसू लागले, तरी हे हलेनात.

आज मिस्त्रींना जाऊन बरीच वर्षं झाली. मी पुढं उभा जन्म वकिली केली. "तुम्ही एवढंच म्हणा" हे शब्द पुन्हा कुठल्या साक्षीदारापुढं माझ्या तोंडून निघाले नाहीत. काही दावे त्यापायी हरलो, आणि चांगला झोपलो.

पण त्यांची आठवण निघाली, की डोळ्यापुढं उभी राहते ती पुढच्या उन्हाळ्यातली एक सकाळ. डॉक्टरीणबाई एक जुनी जीप घेऊन छपरापुढं आल्या. पावसाळ्यात काळ्या मातीत मोटार चालेना, म्हणून त्यांना जीप घ्यायची होती. विकणाराही सोबत होता. मिस्त्री बाकावरून उठले, हात जोडले आणि म्हणाले, "बाई, दुसऱ्याले दाखवा. माह्या शब्दापायी एक बाई रस्त्यात मरत होती."

"मला माहीत आहे. मी तिथं होते," बाई म्हणाल्या.

"मंग मले काऊन इचारता?"

"गाडी जुनी आहे, मिस्त्री. तुम्ही बघितली तरी कधी ना कधी बिघडेल, दुसऱ्यानं बघितली तरी बिघडेल. बिघडल्यावर पेटी घेऊन अल्लीपूरला कोण येईल, ते मला ठाऊक असायला हवं."

मिस्त्रींनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. मग आतून पोतं आणि बोल्ट खोलायचे पाने आणले, पोतं जीपखाली अंथरलं आणि स्वतः आत सरकले. आम्हाला त्यांचे पायच तेवढे दिसत होते. थोड्या वेळानं खालून आवाज आला, "वकीलसाहेब, बाईले बाक द्या बसाले. सगळे डबे उघडून पाहाचे हायेत, टाइम लागन."