गपबाई

लेकरांना बोलतं करणाऱ्या बाईंनी पहिल्याच भेटीत मला गप्प बसवलं, तेही चार आयांसमोर. मी शाळेत शिकवणारी, दिवसभर पोरांवर ओरडणारी. माझ्या तोंडाला कुलूप घालणं सासूबाईंनाही जमलं नव्हतं. बुधवारा मोहल्ल्यात कापडाच्या दुकानावर बाईंची खोली होती. परवा तिथून जाताना वर पाहिलं, तर खिडकीत साड्यांची खोकी रचलेली. जीव हळहळला. त्या खोलीत बाईंनी माझ्या लेकीला, गौरीला, काही विचारलं की उत्तर मीच द्यायची. तिसऱ्यांदा दिलं तेव्हा त्या हसून म्हणाल्या, "तुम्ही छान बोलता हो मॅडम. आता हिला पण चान्स द्या." आम्ही आया पाठीमागे त्यांना गपबाई म्हणायचो.

गौरी साडेतीन वर्षांची झाली तरी तिच्या तोंडून शब्द नव्हता. बाईंनी आधी कान तपासून आणायला लावले. कान चोख निघाले. आमच्या इतवाऱ्यात सगळे माझ्याकडेच बघायचे, जणू पोरीचे शब्द मीच संपवले होते. सासूबाई रोज वेखंड उगाळून तिच्या जिभेला लावायच्या आणि लावताना शाहपूरच्या मळ्यातल्या गमती सांगायच्या. मी बाईंकडे त्यांची चुगली केली. बाई म्हणाल्या, वेखंड बंद करा, गमती चालू ठेवा. गल्लीत सगळी हिंदी, म्हणून घरात मराठी बोलू की हिंदी, असं विचारलं तेव्हा म्हणाल्या, "ज्या भाषेत रागावता ना, त्याच भाषेत लाड करा."

खरी मेख निघाली केळ्यात. केळीचा मळा घरचा, त्यामुळे ओट्यावर घड कायम. गौरीनं नुसतं तिकडे पाहिलं की कुणीतरी सोललेलं केळं तिच्या हातात ठेवायचं. मागायची वेळच पोरीवर कधी आली नव्हती. बाईंनी सांगितलं, केळं न सोलता द्या. तिनं परत आणलं की तिच्या उंचीला खाली बसा, तिच्याकडे बघा आणि मनात दहापर्यंत गिणा. नाहीच बोलली तर तुम्ही एकदा 'सोल' म्हणा आणि सोलून द्या. तिला रडवायचं मात्र नाही.

बाई गं, ते दहा आकडे! चारवर माझे हात शिवशिवायचे, सहावर सासूबाई मध्ये यायच्या. तीन आठवडे हेच चाललं. एका दुपारी माझे आठ गिणून झाले आणि गौरी म्हणाली, "तोल." मला रडूच फुटलं. पण माझ्यातली मास्तरीण कुठली गप्प बसते? मी लगेच म्हटलं, तोल नाही, सोल म्हण. पोरीनं तोंड मिटलं ते दोन दिवस उघडलं नाही. बाईंना सांगताना मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या म्हणाल्या, "चुका काढायला शाळा आहे. तुम्ही नुसतं म्हणायचं, हो, सोलते हं केळं."

वर्षभरात तिला सुटे शब्द आले. पाणी, चल, नको, आजी. पण एकाला दुसरा काही जोडेना. शाळेत घालायचे दिवस जवळ आलेले, माझी झोप उडालेली. बाई एवढंच म्हणायच्या, "जोडेल. तशी गरज तर पडू द्या."

आणि मग बाईच निघाल्या, कायमच्या, इंदूरला लेकाकडे. निरोप द्यायला गेलो तेव्हा सामान खाली रिक्षात चढलं होतं. बाईंना थँक्यू म्हण, असं गौरीला सांगायला मी तोंड उघडलं, तर त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. गुडघे धरत तिच्यापुढे उकिडव्या बसल्या. मी गिणायला लागले. खाली रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. नऊ झाले तेव्हा गौरीनं त्यांचा पदर मुठीत धरला.

"बाई, नको जाऊ."

तिचं पहिलं वाक्य. बाईंचे ओठ हलले, पण शब्द बाहेर येईना. त्यांच्या वतीनं बोलायला मला कितीतरी सुचत होतं. मी एक अक्षर काढलं नाही. त्यांच्याकडे बघत, मनात पुन्हा एकपासून गिणत उभी राहिले.