डॉक्टरबाई आणि अर्धी भाकरी

‘‘आधी का नंतर?’’ असं विचारताना डॉक्टरबाई चष्मा कपाळावर ढकलायच्या आणि समोरच्याकडे अशा बघायच्या, की त्याला आपलं लग्नसुद्धा संशयास्पद वाटू लागावं.

आमच्या बेळगावच्या घरात वरच्या मजल्यावर त्या भाड्यानं राहत. शरीराचे राखणदारच फितूर होऊन आपल्याच स्नायूंवर उलटतात, पापण्या पडतात, हातपाय दमतात, असा एक आजार असतो. त्याचा लसीशी काही संबंध आहे का, हे त्या शोधत होत्या. त्यासाठी रोग्यांच्या घरी जायचं. गाडी माझी, गप्पा माझ्या, प्रश्न त्यांचा.

उद्यमबागेतल्या एका कामगारानं त्यांना वाटेत गाठलं. ‘‘बाई, लस घेतली आन् केस गेलं बघा.’’ बाईंनी गंभीरपणे त्याच्या लग्नाचा फोटो मागितला. मुंडावळ्यांच्या मागं टक्कल लखलखत होतं. मी हसून बॉनेटवर आडवा. बाई म्हणाल्या, ‘‘अण्णा, हसू नका. मनापासून वाटत होतं हो त्याला.’’

लसवाले त्यांच्यावर चिडून, कशाला उकरून काढता म्हणून. लसीवर खार खाणारेही चिडून, आमच्यासारखं का लिहीत नाही म्हणून. बाई दोघांनाही चहा पाजायच्या, साखर बेताची.

निपाणीजवळच्या एका घरी गेलो, तर सून पिशवी भरून दारात. माहेर लोंढ्याचं. गावातल्यांना लसीला नेणारी आशा कार्यकर्ती तीच. लोक बिचकत होते, म्हणून तिनं आधी स्वतःच्या सासूला नेलं. पुढं सासूच्या, म्हणजे आक्कांच्या, पापण्या मिटायला लागल्या.

‘‘हिनंच आईला भरीला घातलं,’’ मुलगा गरजला. ‘‘आता ही हितं ऱ्हायची न्हाय.’’

चष्मा वर गेला. ‘‘पापण्या लसीच्या आधी का नंतर?’’

‘‘नंतर! साऱ्या गावानं बघितलंय.’’

बाईंनी लिहून घेतलं. मी मनात म्हटलं, गेली सून.

‘‘आणि जेवण?’’

‘‘हिच्या हातची भाकरी आईला कुठं आवडती? अर्धी टाकून उठती.’’

‘‘कधीपासून?’’

‘‘सुगीपास्नं.’’

‘‘आणि लस?’’

‘‘लस... शिमगा झाल्यावर.’’ तो बोटांवर महिने मोजायला लागला.

बाई आक्कांजवळ सरकल्या. ‘‘आक्का, भाकरी वाईट लागायची?’’

आक्कांनी हनुवटीला हाताचा टेकू दिला. ‘‘भाकरी चांगलीच असती गं. जबडाच दमायचा. चार घास झालं की हलायचा न्हाय.’’

‘‘मग सांगितलं का न्हाईसा?’’ सून दारातनं ओरडली. ‘‘मी इतकं दिस रडतेय!’’

‘‘सासूचा जबडा दमला म्हनून कोन सांगतं? रुसलीया म्हटलं, की मान तरी ऱ्हातो.’’

एवढा मोठा आजार महिनोन्‌महिने ताटापुढं बसत होता आणि सारं घर त्याला सासूचा नखरा समजत होतं! आक्कांना या आजाराची गोळी चालू होतीच; बाईंनी तिची वेळ बदलून जेवणाच्या जरा आधीची करून दिली, म्हणजे जबडा घासापुरता तयार. मुलानं पिशवी उचलली आणि मुकाट्यानं आत ठेवली.

परतताना मी स्टिअरिंगवर ताल धरला. ‘‘लस निर्दोष सुटली!’’

‘‘या घरात आजार आधीचा. लसीनं तो वाढला का, ते मला अजून ठाऊक नाही. खानापूरच्या एका घरी ‘नंतर’ निघालं, तेही लिहिलंय. तुम्ही रस्त्याकडे बघा.’’

आता बाई बंगळूरला गेल्या. वरचा मजला रिकामा आहे. परवा सुनेचा फोन आला, आवाज लॉटरी लागल्यासारखा. ‘‘काका, आक्कांनी आज अख्खी भाकरी खाल्ली! आन् वर म्हनत्यात, जाडी झालीया, करपलीया, आईनं काय शिकवलं तुला!’’

मी लगेच बाईंना कळवलं.

‘‘परत सांगा. काय म्हणाल्या?’’

मग मी जिन्यात उभा राहून, आक्कांच्या आवाजात, हातवाऱ्यांसकट, सगळं पुन्हा म्हणून दाखवलं.