अठ्ठावीस खाटा आणि एक लिफ्ट

वॉर्डातल्या सगळ्या सिस्टर पाठीमागे त्यांना किल्लीबाई म्हणत. कमरेला किल्ल्यांचा जुडगा, आणि त्यातली एकही किल्ली बाई दुसरीच्या हाती द्यायच्या नाहीत. बावीस वर्षं त्या पुरुषांच्या वॉर्डाच्या मुख्य सिस्टर होत्या. कामं वाटून द्यायच्या, पण अर्धीच. "इंजेक्शनं मोजून ठेव," असं एखादीला सांगायच्या आणि कपाट उघडायला मात्र स्वतःच यायच्या. मग मोजणारी कपाटापाशी ताटकळत उभी, आणि बाई दुसऱ्या टोकाला कुणाला तरी सलाइन लावण्यात गुंतलेल्या. उशीर झाला की बोलणी खायची मोजणारीनं.

घरी तरी वेगळं काय होतं? नवरा बसचालक, गर्दीतून मोठी गाडी अलगद काढणारा गडी. पण त्याला भाजीला पाठवलं की तो दुकानात पोचायच्या आत बाईंचा फोन. टोमॅटो घेऊ नका, घेतलेत तर कडक घ्या. "मग मला कशाला पाठवलंस?" तो शांतपणे विचारायचा. "पिशवी एकटीच गेली असती."

एका सोमवारी रुग्णालयाच्या अधीक्षकांनी बाईंना बोलावलं. नवी इमारत तयार झाली होती. गुरुवारी सकाळी आठ ते एकच्या दरम्यान अख्खा वॉर्ड तिसऱ्या मजल्यावर न्यायचा. अठ्ठावीस पेशंट, त्यातले पाच ऑक्सिजनवर, आणि खाट मावेल अशी लिफ्ट एकच. येणारा प्रत्येक पेशंट तपासून घ्यायला बाईंनी वर थांबायचं. एका माणसाला दोन मजल्यांवर एकाच वेळी उभं राहता येत नाही, हे बाईंना त्या दिवशी प्रथमच नीट कळलं.

त्यांनी धाकट्या सिस्टरला गाठलं. वॉर्डात आठ वर्षं काढलेली, बोलणं मोजकं.

"खालची सगळी हालचाल तू बघायची."

"तुम्ही सांगाल तशी ना, बाई?"

"नाही. तुला पटेल तशी."

ती म्हणाली, "तर मग लिफ्ट माझ्या ताब्यात हवी. आणि मी थांबा म्हटलं की थांबायचं. कुणीही असो."

"कुणीही म्हणजे?"

"डॉक्टरही. तुम्हीसुद्धा."

बाईंना ठसकाच लागला. पण त्यांनी कागद ओढला, तिचं म्हणणं जसंच्या तसं लिहिलं, खाली सही ठोकली आणि एक प्रत अधीक्षकांकडे धाडली.

"काही वाईट झालं तर?" धाकटीनं विचारलं.

"मला तू उत्तर द्यायचं. बाकी जगाला मी देईन."

बुधवारी धाकटीनं रिकामी खाट लिफ्टमध्ये घालून पाहिली. सिलिंडरच्या स्टँडसकट ती चार बोटं बाहेर राहत होती. तिनं लहान सिलिंडर मागवले आणि ते खाटेच्या पायथ्याशी आडवे बांधायचं ठरवलं. चालते-फिरते पेशंट आधी, गंभीर नंतर, असा तिचा क्रम. बाईंच्या मनात नेमकं उलटं होतं. जिभेवर आलेलं त्यांनी गिळलं.

गुरुवारी वॉर्डात सहलीला निघाल्यासारखी लगबग होती. कुणी पहाटेच दाढी उरकलेली, कुणी उशी काखोटीला मारून तयार, ऑक्सिजनवरचे निवृत्त शाळामास्तर घड्याळाकडे डोळे लावून. वर बाई हातात यादी घेऊन लिफ्टसमोर उभ्या. दार उघडलं की त्यांचं काळीज शर्यतीतल्या मुलीसारखं धडधडे. सहावा आला. नववा आला. सोळावा आला तेव्हा घड्याळात दहासुद्धा वाजले नव्हते. बाईंना चक्क हसू फुटत होतं.

आणि लिफ्ट आलीच नाही.

फोन खणाणला. मोठे डॉक्टर खालून बोलत होते. "लिफ्टचं दार अडकलंय. मास्तर ऑक्सिजनवर व्हरांड्यात पडलेत. मी म्हणतो, स्ट्रेचरवर घालून जिन्यानं न्या. तुमची सिस्टर नाही म्हणते. हिला अधिकार दिला कुणी?"

"मी. लेखी दिलाय, सर."

"उद्या काही झालं तर?"

"तर मला विचारा. पण आत्ता तिचं ऐका."

फोन ठेवला आणि बाईंचे पाय आपोआप जिन्याकडे वळले. एक मजला त्या उतरल्यासुद्धा. तिथल्या कठड्यावरून खालचा व्हरांडा दिसत होता. धाकटी मास्तरांजवळ गुडघे टेकून बसली होती, एक हात त्यांच्या नाडीवर, नजर सिलिंडरच्या काट्यावर. भरलेला दुसरा सिलिंडर शेजारी तयार. "लिफ्टवाले पंधरा मिनिटं म्हणतात, हा पाऊण तास पुरेल," ती डॉक्टरांना सांगत होती. "जिन्यावर नळी निसटली तर एक मिनिटही पुरणार नाही."

बाईंच्या ओठांवर चार सूचना आल्या होत्या. त्यांनी कठडा घट्ट धरला आणि तशाच वर परतल्या. ते बारा पायऱ्यांचे दोन जिने त्यांना उभ्या जन्मात इतके जड गेले नव्हते.

बाराव्या मिनिटाला लिफ्टची घंटा वाजली. मास्तरांनी नाकावरचा मास्क जरा उचलला. "हजेरीला उशीर झाला, बाई. आयुष्यात पहिल्यांदा."

बाराला वीस कमी असताना अठ्ठाविसावी खाट खिडकीशी लागली. वॉर्डात टाळ्यांचा कडकडाट झाला. सगळ्यात मोठ्यांदा मोठे डॉक्टर वाजवत होते.

सगळं सुरळीत पार पडलं असंही नाही. दुपारच्या गोळ्यांचा डबा जुन्या इमारतीतच राहिला आणि एका पेशंटचा डोस चाळीस मिनिटं लांबला. त्याला अपाय झाला नाही, पण अधीक्षकांनी दोघींना बोलावलं.

"खालची जबाबदारी हिची होती ना?"

धाकटी तोंड उघडणार, तोच बाई म्हणाल्या, "पेशंट हलवण्याची. डबा कुणी न्यायचा हे मी कुणालाच नेमून दिलं नव्हतं. चूक माझी. तसंच लिहा. आणि एकही पेशंट वाटेत दगावला नाही, ते तिच्या नावावर लिहा."

बाहेर आल्यावर मात्र बाईंनी तिला सोडलं नाही. "लिफ्टच्या मेकॅनिकला सकाळपासून इथेच का बसवून घेतलं नाहीस?"

"सुचलं नाही, बाई."

"पुढच्या वेळी सुचू दे."

पुढच्या महिन्यात बाईंनी बावीस वर्षांत पहिल्यांदा सलग आठ दिवस रजा घेतली आणि नवऱ्याबरोबर बहिणीकडे गेल्या. वॉर्ड धाकटीकडे, सहीच्या अधिकारासकट. चौथ्या दिवशी न राहवून त्यांनी फोन केलाच.

"सगळं ठीक आहे," धाकटी म्हणाली. "जरा कामात आहे. संध्याकाळी बोलू का?"

बाईंनी फोन पिशवीत टाकून दिला. मग बहिणीला म्हणाल्या, "चल, बाहेर जाऊ या कुठेतरी," आणि तिच्या आधी चपला घालून दारात उभ्या राहिल्या.