बिनडोळ्यांचा बैल

जगात माणसाला मारू शकेल असं जे जे काही आहे, ते सगळं आमच्या बडे गुरुजींना तोंडपाठ होतं. साप, विंचू, वीज हे तर कोणालाही सुचेल. पण खडूच्या भुकटीत, दप्तराच्या पट्ट्यात आणि संत्र्याच्या बीमध्येही यम दबा धरून बसलेला असतो, हे ज्ञान अख्ख्या सौंसर तहसिलीत त्यांच्याखेरीज कोणाला झालेलं नव्हतं. बोरगावच्या अलीकडच्या एका लहानशा गावात आमची प्राथमिक शाळा. शिकवायला आम्ही दोघंच: हेडमास्तर म्हणून हे बडे गुरुजी आणि नवीनच लागलेली बाई म्हणून मी. संत्र्याचा बहार उतरला की पोरं खिसे भरून संत्री आणत. गुरुजी एकेकाला समोर उभं करून खायला लावत आणि बिया तळहातावर काढून दाखवायला सांगत. बिया दिसल्या तरी त्यांचं समाधान नाही. "ह्या तर झाल्या, पन पोटात किती गेल्या?" पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याला जाम नदीवर गोटमार असते. पलीकडून सावरगाववाले, अलीकडून पांढुर्णेवाले, आणि दगडांचा नुसता पाऊस. ते पांढुर्णं आमच्यापासून किती दूर! तरी त्या दिवशी गुरुजी घराच्या खिडक्या लावून बसत. मी हसले, तर म्हणाले, "हसू नका, बाई. एखाद्याचा हात लय जोराचा असते."

अशा माणसाच्या गावात पटेलांनी ट्रॅक्टर आणला. त्र्याऐंशी-चौऱ्याऐंशीचा सुमार असेल. गावातला पहिलाच, लालभडक. पोरं वेडी झाली. ट्रॉलीमागं धावायचं, मागच्या फळीला लोंबकळायचं, हाच त्यांचा नवा खेळ. गुरुजींची झोप उडाली. ट्रॅक्टर पटेलांच्या दारात नुसता उभा असला तरी ते नाल्याकडून वळसा घालून शाळेत येत. "उभा हाय, पन त्याचा काय नेम?" शेवटी धीर करून ते पटेलांकडं गेले आणि ट्रॅक्टरजवळ एकही लेकरू फिरकता कामा नये, असं हात जोडून सांगून आले. पटेल दिलदार, पण शब्दाचा कडक माणूस. त्यांनी ड्रायव्हरला सगळ्यांसमोर बजावलं, "लेकरू ट्रॅक्टरपाशी दिसलं का तू घरी. मी दुसरा ड्रायव्हर पायतो." ड्रायव्हर बिचारा मान खाली घालून उभा होता. त्याची पोरगी, सुजी, आमच्याच पहिलीत होती.

तेवढ्यानं गुरुजींचा जीव थाऱ्यावर येता तर काय हवं होतं! त्यांनी गणित बाजूला सारलं आणि ट्रॅक्टर शिकवायला घेतला. फळ्यावर चित्र काढलं. ट्रॅक्टरला शिंगं होती, शेपटी होती, आणि खाली लोंबणारं भलंमोठं पोट. "पोट्टे हो, हा बी एक बैलच हाय. हे त्याचं पोट. इथं तो डिझेल खाते. हे नाक, इथून धूर सोडते. आता सांगा, याचे डोळे कुठं हायेत?"

"हे दिवे हायेत ना, गुरुजी!"

"दिव्यानं आपल्याले तो दिसते. त्याले आपन नाई दिसत." हे सांगताना त्यांचा आवाज खरोखर कापला. "आपल्या बैलासमोर लेकरू आलं, तर बैल थांबते. हा नाई थांबत. म्हनून आपन मागं सरायचं."

मग अंगणात कवायत. गुरुजी स्वतः ट्रॅक्टर व्हायला तयार नव्हते. खोट्या ट्रॅक्टरचीही त्यांना धास्ती. तेव्हा ट्रॅक्टर मी. पदर खोचायचा आणि तोंडानं फट् फट् फट् करत अंगणभर फिरायचं. मी जवळ आले की गुरुजी हात वर करून ओरडत, "मागं!" आणि पोरांनी एका ओळीत भिंतीपर्यंत मागं सरायचं. पोरं कसली सरतात! ती खिदळत माझ्याच अंगावर येत, पदराला लोंबकळत. कुंपणापलीकडून बाया विचारत, "आज बाई काय होऊन राहिल्या वं?" मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. पण गुरुजींचा घामेजलेला चेहरा पाहिला की पुन्हा फट् फट् करावंच लागे.

पोळा झाला, सुट्टी संपून शाळा उघडली. कोणाला अपचन तर झालं नाही ना, या काळजीनं गुरुजी एकेकाला विचारत होते, तुम्ही किती खाल्लं, तुमच्या बैलानं किती खाल्लं. सुजीची पाळी आली.

"आमच्याकडे बैल नाई, गुरुजी. मी ट्रॅक्टरले पुरनपोळी चारली."

सगळी पोरं वळून तिच्याकडं पाहू लागली.

"पटेलीनबाईनं मले देल्ली होती. अर्धी मी खाल्ली, अर्धी त्याले. बाबाच्या शीटवर चढून पोटात टाकली. समद्यायनं आपापल्या बैलाले चारलं, त्याले कोनंच नाई देल्ली."

पोळीपेक्षा त्या 'चढून'नंच गुरुजींचे डोळे आधी पांढरे झाले. मग बाकीचं ध्यानात आलं. हातातला खडू खाली पडला. "बाई, इंजन जाईन. हिच्या बापाची नोकरी जाईन. पोट मीच शिकवलं, अन् पटेलाले बी मीच सांगतलं!" आणि आज सकाळीच ट्रॅक्टर खत आणायला सौंसरला निघणार होता, हे साऱ्या गावाला ठाऊक होतं.

गुरुजी धावले. चपला वर्गाच्या दारातच राहिल्या. पडण्याच्या भीतीनं आयुष्यात कधी न धावलेला माणूस, धोतराचा सोगा धरून चिखलातून धावत होता. मागून मी, माझ्यामागं सगळी शाळा. ड्रायव्हर वर बसलेला, चावी लावण्याच्या बेतात. गुरुजी थेट ट्रॅक्टरसमोर जाऊन उभे राहिले, दोन्ही हात पसरून, डोळे गच्च मिटून.

"चालू करू नका! पोटात पोळी हाय!"

"कोनाच्या पोटात?" ओट्यावरून पटेल उठले. सगळं कळल्यावर त्यांचा चेहरा फिरला. "कोनं टाकली?"

ड्रायव्हरची नजर सुजीवर गेली आणि त्याचं तोंड उतरलं. सुजीनं तोंड उघडलं होतं, तेवढ्यात मी तिचा हात दाबला.

"मी," गुरुजी म्हणाले.

"तुम्ही? गुरुजी, तुम्ही तर याच्या सावलीतून बी जात नाई जी."

"पोळा होता. मले वाटलं... एकटाच उपाशी हाय."

पटेल ओट्यावरून खाली उतरले. "बरं. मंग तुम्हीच काढा."

गुरुजी पुढं झाले. लटलटत का होईना, झाले. वाकले आणि ट्रॅक्टरच्या खाली टाकीचं झाकण शोधू लागले. फळ्यावर त्यांनी पोट खालीच काढलं होतं ना! मागून सुजी हळूच म्हणाली, "गुरुजी, वर." कोणी हसलं नाही. ड्रायव्हरनं हात दिला, गुरुजी वर चढले, झाकण फिरवलं. टाकीच्या तोंडाला जाळी होती, नशीब! सगळी पोळी तिथंच अडकून डिझेलमध्ये भिजत पडलेली. त्यांनी जाळी उचलून पटेलांना दाखवली.

पटेलांनी पोळीकडं पाहिलं, सुजीकडं पाहिलं. ड्रायव्हरला काही बोलले नाहीत. "पुढच्या पोळ्याले टपावर ठेवू, गुरुजी. पोटात नको." गुरुजींना खाली उतरवायला मात्र दोन माणसं लागली. मला त्या माणसाबद्दल इतका जिव्हाळा त्याआधी कधी वाटला नव्हता.

पुढल्या पोळ्याला टपावर खरंच पोळी ठेवली गेली, आणि ट्रॅक्टरच्या नावानं ती सुजीनं खाल्ली. त्यानंतर गुरुजींची बदली झाली रामाकोन्याकडं. सामान न्यायला पटेलांनी ट्रॅक्टर दिला. सगळ्यांनी आग्रह केला, पण गुरुजी बसले नाहीत. ट्रॉलीच्या मागं बरंच अंतर ठेवून पायी निघाले आणि ड्रायव्हरही बैलगाडीच्या चालीनं ट्रॅक्टर हाकू लागला. गावाबाहेरच्या वळणापर्यंत सगळी पोरं ट्रॉलीला खेटून चाललेली. तिथं गुरुजी थांबले, पोरांकडं वळले. त्यांनी नुसता हात वर केला.

आणि आजवर कधी न ऐकलेली ती पोरं, सुजी सगळ्यांत आधी, एका ओळीत रस्त्याकडेच्या शेताच्या कुंपणापर्यंत मागं सरली.

त्यांच्याबरोबर मीही सरले.