आमच्या घरातले पंतोजी

मुलांनो, तुमच्या पोहण्याच्या शिक्षकाला मराठीत काय म्हणायचं, असं तुम्ही परवा फोनवर विचारलंत. 'कडक सर' एवढं पुरत नाही म्हणालात. शब्द आहे: पंतोजी. म्हणजे जुन्या शाळेतले मास्तर. पुढे लोक तो टोमणा म्हणून वापरू लागले, शाळा सुटल्यावरही जो शिकवत राहतो त्याच्यासाठी. अर्थ कोशात मिळेल. मी माणूस सांगते, कारण त्यांना ओळखणारी घरात आता मीच उरले आहे.

तुमच्या आजोबांच्या मामांसारखा पंतोजी उभ्या नाशिक जिल्ह्यात झाला नाही. सायखेड्याला त्यांनी आयुष्यभर इंग्रजी शिकवलं आणि निवृत्तीनंतर नाशिकला आमच्या शेजारी येऊन उरलेलं जग शिकवायला घेतलं. लग्नपत्रिका आली की लाल शाईनं तपासून परत पाठवत. दुरुस्त पत्रिका येईपर्यंत लग्नाला जात नसत. बरीच लग्नं त्यांच्याविना सुखरूप लागली. एकदा रविवार कारंज्यापाशी कांद्याचा एक चांगला पोट सुटलेला व्यापारी त्यांना पाहून स्कूटरवरून ताडकन उतरला आणि माझ्या कानाशी पुटपुटला, "सर लय कडक व्हते, ताई. आजून त्यांच्याम्होरं बसवत न्हाई."

मी हसले. तेव्हा हसायला माझं काही जात नव्हतं.

मग गंगापूर रोडवरच्या एका शाळेत इंग्रजीची जागा निघाली. तिथले मुख्याध्यापक मामांचे विद्यार्थी. मामांनी शब्द टाकला की काम झालं. बी.ए. होऊन मी सहा वर्षं पोळ्या लाटत होते. ती नोकरी मला किती हवी आहे, हे मी फक्त मामांना सांगितलं. त्यांनी मला ओट्याशी उभं करून श्रुतलेखन घातलं. दोन पानांत एक चूक निघाली.

"पुढच्या वर्षी बघू, सूनबाई."

"मामा, एकच तर आहे!"

"मुलांपुढे एकही नको."

पुढच्या वर्षी जागा नव्हती. नंतरही कधी निघाली नाही.

म्हातारपणी त्यांना दिसेनासं झालं, तेव्हा रोज सकाळी इंग्रजी पेपर मीच वाचून दाखवायची. दर ओळीला ते उच्चार सुधारत. एक दिवस अख्खा अग्रलेख संपला तरी ते गप्प. मला वाटलं, डोळा लागला.

"मामा?"

"ऐकतोय." मग म्हणाले, "तू शिकवायला हवं होतंस."

मी पेपरची घडी घातली.

आता मामा नाहीत, आणि तो शब्दही फारसा कोणी वापरत नाही. शेजारच्या इमारतीतल्या तीन मुली माझ्याकडे इंग्रजी शिकायला येतात. चुका मला सगळ्या दिसतात. निम्म्याच सांगते.