झंझावाताचे आईबाप

माझा थोरला भाऊ लोकांचे फ्रिज दुरुस्त करतो आणि उरलेला जन्म कॉमिक्सवरून भांडतो. दर रविवारी त्याचा चष्मेवाला मित्र येतो आणि आमच्या बाहेरच्या खोलीत झंझावात नावाच्या एका उडत्या माणसाचं बालपण चिवडलं जातं. जुन्या लेखकाने त्याचे आईबाप पहिल्याच पानावर आगीत मारले होते. नव्या लेखकाने त्यांना जिवंत केलं, वर पानंच्या पानं गप्पा मारायला लावलं. गेल्या रविवारी यावरून कहर झाला.

"छान आहे की! माणसं बोलतात तरी," चष्मेवाला म्हणाला. "जुना नुसता 'धडाम' लिहायचा."

दादाचं डोकंच फिरलं. "आईबाप धडधाकट असतील तर पोरगा जग वाचवायला घराबाहेर कशाला पडेल?"

आई तिथेच लसूण सोलत बसली होती. "अगदी बरोबर," ती म्हणाली. "महिना झाला, आपला फ्रिज बंद आहे. मी मेल्यावरच हात लावणार आहेस ना?"

चष्मेवाल्याने मान खाली घातली. दादा मात्र टाळी वाजवून उभा राहिला.

"बघ! आईलासुद्धा जुनाच लेखक पटतो!"